डोमेन ‘होल्ड’वर गेलं तर काय करायचं? स्पॅमची तक्रार, रजिस्ट्रार आणि वेबसाईटचा मालक

३ जून २०२४, लोकसभेच्या निकालाचा आदला दिवस. मी पुण्यात ऑफिसात होतो आणि कळंब तालुक्यातून मामाचा फोन आला. “अरे, आपली वेबसाईट उघडंना गेली. सकाळपासून तीन माणसांनी विचारलं.”

मामाचा शेळीपालनाचा धंदा आहे. उस्मानाबादी शेळ्या आणि बोकड. बकरी ईद १७ जूनला होती, म्हणजे बरोबर दोन आठवड्यांवर. वर्षाच्या कमाईतला मोठा हिस्सा याच दिवसांत येतो. पुण्याचे, हैदराबादचे लोक वेबसाईटवर बोकडाचा फोटो बघतात, वजन किती, दोन दाती की चार दाती ते बघतात, पाच हजार ॲडव्हान्स पाठवतात आणि सणाच्या आठवड्यात गाडी घेऊन येतात. त्या वर्षी २२ बोकडांचं बुकिंग झालेलं होतं.

मला आधी वाटलं होस्टिंगचे पैसे भरायचे राहिले असतील. तसं नव्हतं. स्पॅमची तक्रार आली म्हणून रजिस्ट्रार कंपनीने डोमेनच थांबवून ठेवलं होतं. ते परत सुरू व्हायला नऊ दिवस लागले. त्यातले निम्मे दिवस माझ्या चुकीमुळे गेले, हेही पुढे सांगतो. दुकान, क्लास, यूट्यूब चॅनल, शेतमाल, कशासाठीही तुमची वेबसाईट असेल किंवा पुढे काढणार असाल, तर ही माहिती आधीच वाचून ठेवा.

आधी तीन शब्द समजून घ्या

रजिस्ट्री, रजिस्ट्रार आणि रजिस्ट्रंट. तिन्ही शब्द सारखेच वाटतात आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

रजिस्ट्री म्हणजे एका शेपटाची सगळी नोंदवही सांभाळणारी संस्था. डॉट कॉमची नोंदवही व्हेरीसाईन ही अमेरिकन कंपनी सांभाळते. डॉट इन आणि डॉट भारतची जबाबदारी नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया म्हणजे निक्सीकडे आहे.

रजिस्ट्रार म्हणजे आपल्याला डोमेन विकणारी कंपनी. तुम्ही पैसे हिला देता, दरवर्षी नूतनीकरण हिच्याकडे करता आणि भांडणही बहुतेक हिच्याशीच होतं. डॉट कॉम, डॉट ऑर्ग अशी नावं विकायला रजिस्ट्रारला आयकॅन या संस्थेची मान्यता लागते. आयकॅन १९९८ साली स्थापन झाली आणि जगभरातल्या डोमेनच्या नावांची व्यवस्था बघते.

रजिस्ट्रंट म्हणजे ज्याच्या नावावर डोमेन आहे तो. तुम्ही वेबसाईट चालवता म्हणून तुम्ही रजिस्ट्रंट असालच असं नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर हा डोमेनचा सातबारा आहे. शेत कसतो एक आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं, असं इथेही होतं. आमच्याकडे तेच झालं होतं.

होस्टिंग ही चौथी वेगळी गोष्ट. तुमचे फोटो, मजकूर ज्या कॉम्प्युटरवर ठेवलेत ती जागा. होस्टिंग चालू असलं तरी डोमेन थांबलं की दुकान उघडं आणि पत्ता गायब, अशी गत होते.

डोमेन थांबलंय हे मोबाईलवरून कसं ओळखायचं?

आयकॅनचं लुकअप नावाचं मोफत पान आहे: लुकअप डॉट आयकॅन डॉट ओआरजी. तिथे तुमचं डोमेन टाका. पूर्वी या माहितीला हूइज म्हणायचे. जानेवारी २०२५ पासून डॉट कॉमसारख्या डोमेनसाठी त्याची जागा आरडॅप या नव्या पद्धतीने घेतली आहे. तुम्हाला फरक पडत नाही, नाव टाकलं की माहिती येते. त्यात ‘स्टेटस’ नावाचा रकाना बघायचा.

क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड: घाबरू नका. डोमेन कुणी परस्पर दुसरीकडे नेऊ नये म्हणून लावलेलं हे साधं कुलूप आहे. बहुतेक सगळ्या डोमेनला असतं.

क्लायंट होल्ड: रजिस्ट्रारने डोमेन थांबवलं आहे. इथला ‘क्लायंट’ म्हणजे तुम्ही नव्हे, रजिस्ट्रार. कारण तो रजिस्ट्रीचा ग्राहक असतो.

सर्व्हर होल्ड: रजिस्ट्रीने थांबवलं आहे. इथला ‘सर्व्हर’ म्हणजे तुमचं होस्टिंग नव्हे. हा शिक्का रजिस्ट्रारला एकट्याने काढता येत नाही, त्यामुळे कस्टमर केअरवर ओरडून उपयोग नसतो.

रिडेम्प्शन पिरियड: मुदत संपून डोमेन काढून टाकलं गेलं आहे. डॉट कॉमच्या बाबतीत ३० दिवसांत जास्तीचे पैसे भरून ते सोडवता येतं. त्यानंतर पाच दिवस ‘पेंडिंग डिलीट’ आणि मग ते नाव कुणीही घेऊ शकतं.

क्लायंट होल्ड दिसला म्हणजे स्पॅमच असेल असंही नाही. नवीन डोमेन घेतल्यावर ईमेल पडताळणीची लिंक येते. आयकॅनच्या नियमानुसार १५ दिवसांत पडताळणी झाली नाही तर रजिस्ट्रार डोमेन थांबवू शकतो. पैसे थकले तरी थांबवतात. म्हणून आधी कारण शोधा, मग भांडा.

आणखी एक गंमत. आमची वेबसाईट माझ्या फोनवर बंद होती आणि मामेभावाच्या फोनवर पुढचा दिवसभर उघडत होती. तो म्हणे, “दादा, तुझंच नेट खराब आहे.” कारण असं की डॉट कॉमचा पत्ता एकदा विचारला की मोबाईल कंपनीचा सर्व्हर तो ४८ तासांपर्यंत लक्षात ठेवू शकतो. ज्याच्याकडे जुना पत्ता साठवलेला असतो त्याला वेबसाईट दिसत राहते. त्यामुळे ‘माझ्याकडे चालतंय’ हा पुरावा धरू नका, स्टेटस बघा.

होल्डचा सगळ्यात वाईट परिणाम लोकांच्या लक्षात येत नाही. फक्त वेबसाईट नाही, त्या डोमेनवरचा ईमेलही बंद होतो. रजिस्ट्रारला दिलेला संपर्काचा ईमेल त्याच डोमेनवरचा असेल, तर ‘तुमचं डोमेन थांबवलं आहे’ हा मेलसुद्धा तुम्हाला मिळणार नाही.

स्पॅमची तक्रार येते कशी?

“मी कुणाला स्पॅम पाठवलंच नाही,” असं प्रत्येक मालक म्हणतो. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण तक्रार चार वेगवेगळ्या कारणांनी येऊ शकते.

पहिलं, तुम्हीच पाठवलं. कुणाकडून तरी दहा हजार ईमेलची यादी विकत घेतली आणि दिवाळीची ऑफर सगळ्यांना पाठवली. तुमच्या लेखी ती जाहिरात असते, घेणाऱ्याच्या लेखी स्पॅम.

दुसरं, तुमच्या वेबसाईटवरून गेलं, पण तुम्हाला माहीतच नाही. जुना प्लगइन, सोपा पासवर्ड, उघडा कॉन्टॅक्ट फॉर्म. कुणीतरी आत शिरतो आणि तुमच्या सर्व्हरवरून मेल सोडतो.

तिसरं, तुमच्या नावाने भलत्याच ठिकाणाहून गेलं. ईमेलमध्ये पाठवणाऱ्याचं नाव खोटं घालणं सोपं असतं. या प्रकाराला इंग्रजीत ‘जो जॉब’ म्हणतात. १९९७ साली जोज डॉट कॉम या वेबसाईटने एका स्पॅम करणाऱ्याचं खातं बंद केलं. त्याने सूड म्हणून वेबसाईटच्या मालकाच्या, म्हणजे जोच्या नावाने ढीगभर स्पॅम पाठवलं. चिडलेल्या लोकांचा राग त्या बिचाऱ्या जोवर निघाला. तेव्हापासून हे नाव पडलं.

चौथं, मेल दुसऱ्याचा, पण त्यातली लिंक तुमच्या डोमेनची. तुमच्या वेबसाईटच्या एखाद्या फोल्डरमध्ये कुणीतरी बँकेचं खोटं लॉगिन पान लपवून ठेवलेलं असतं आणि स्पॅममधून लोकांना तिकडे पाठवलं जातं.

तक्रार करणारे कोण? साधी माणसं, बँका आणि स्पॅमच्या याद्या ठेवणाऱ्या संस्था. त्यातली सगळ्यात मोठी म्हणजे १९९८ साली सुरू झालेली स्पॅमहॉस. तिची फक्त डोमेनसाठी वेगळी यादी आहे, डीबीएल नावाची. या यादीत नाव आलं की तुमचा साधा मेलही अनेक ठिकाणी पोहोचत नाही. नाव यादीत आहे का ते त्यांच्या साईटवर मोफत बघता येतं आणि काढून घ्यायलाही पैसे लागत नाहीत. ‘पैसे द्या, नाव काढून देतो’ असं कुणी म्हणालं तर तो फसवतोय.

रजिस्ट्रारला थांबवायचा अधिकार आहे का?

आहे, आणि तो दोन ठिकाणांहून येतो.

एक, आयकॅनशी असलेला रजिस्ट्रारचा करार. २०१३ च्या करारात म्हटलंय की रजिस्ट्रारने गैरवापराच्या तक्रारींसाठी ईमेल जाहीर ठेवावा आणि आलेल्या तक्रारीची वेळेत योग्य चौकशी करून उत्तर द्यावं. ५ एप्रिल २०२४ पासून हे आणखी कडक झालं. आता पुरेसा पुरावा असेल तर रजिस्ट्रारला गैरवापर थांबवण्यासाठी तातडीने पाऊल उचलावंच लागतं. यात मालवेअर, बॉटनेट, फिशिंग, फार्मिंग या चार गोष्टी येतात. स्पॅम पाचवं आहे, पण एका अटीवर: स्पॅमचा वापर पहिल्या चारपैकी काही पोहोचवण्यासाठी होत असेल तरच. नुसती नको असलेली जाहिरात या व्याख्येत बसत नाही.

हे वाचून मी खूश झालो होतो. मी रजिस्ट्रारला लिहिलंही, “आमचं प्रकरण तुमच्या व्याख्येत बसत नाही.” पण दुसरा रस्ता मी विसरलो होतो.

दोन, तुमचा आणि रजिस्ट्रारचा करार. डोमेन घेताना आपण न वाचता ‘मान्य आहे’वर टिक करतो तो. बहुतेक रजिस्ट्रारच्या अटींमध्ये कुठल्याही प्रकारच्या स्पॅमला बंदी असते आणि डोमेन थांबवण्याचा हक्क त्यांनी स्वतःकडे ठेवलेला असतो. म्हणजे आयकॅन सांगत नसली तरी कंपनी आपल्या अटींवर बोट ठेवून होल्ड लावू शकते.

भारतात ईमेल स्पॅमसाठी वेगळा कायदा नाही. अमेरिकेत २००३ सालचा कॅन-स्पॅम कायदा आहे, तसा आपल्याकडे नाही. त्यामुळे आपल्याकडे हे भांडण मुख्यतः कराराचं असतं. त्या अटी वाचायला अर्धा तास लागतो, पण नंतरचे चार दिवस वाचतात.

मोठ्या कंपन्यांनाही हे चुकलेलं नाही

२४ सप्टेंबर २०१८ ला झोहो डॉट कॉम बंद पडलं. झोहो म्हणजे आपल्या चेन्नईची सॉफ्टवेअर कंपनी, तेव्हाही तीन कोटींहून जास्त लोक तिचं सॉफ्टवेअर वापरत होते. बंद पडण्याचं कारण सर्व्हर नव्हतं. टिएरानेट या रजिस्ट्रारने फिशिंगच्या तक्रारींवरून डोमेन थांबवलं होतं. झोहोची मेलसेवा वापरून काही जणांनी फिशिंगचे मेल पाठवले होते. झोहोच्या म्हणण्यानुसार दोन महिन्यांत अशा तीन तक्रारी आल्या, त्यातल्या दोन खात्यांवर त्यांनी लगेच कारवाई केली आणि तिसऱ्याची चौकशी चालू होती. संस्थापक श्रीधर वेम्बू यांना ट्विटरवर जाहीर मदत मागावी लागली. डोमेन त्याच दिवशी परत सुरू झालं, पण सगळ्यांपर्यंत पोहोचायला आणखी वेळ गेला. पुढे झोहोने डोमेन क्लाउडफ्लेअरकडे हलवलं. एवढ्या मोठ्या कंपनीला रजिस्ट्रारकडचा योग्य माणूस फोनवर मिळेना, तिथे कळंबच्या शेळीवाल्याचं काय घेऊन बसलात!

आता दुसरी बाजूही बघा. तक्रारींकडे रजिस्ट्रारने लक्षच दिलं नाही तर काय होतं? एस्टोनियाशी संबंधित एस्टडोमेन्स नावाचा रजिस्ट्रार स्पॅम आणि मालवेअरवाल्यांचा अड्डा म्हणून बदनाम होता. त्याच्या प्रमुखाला एस्टोनियात कार्डाच्या घोटाळ्यात वगैरे शिक्षा झाली होती. त्या शिक्षेचं कारण देऊन आयकॅनने २००८ साली त्याची मान्यता काढली. त्याच्याकडची सुमारे २ लाख ८१ हजार डोमेन सांभाळायला कुणाकडे दिली? मुंबईच्या डायरेक्टी कंपनीकडे. भाविन आणि दिव्यांक तुराखिया या भावांनी १९९८ साली सुरू केलेली ही कंपनी. म्हणजे रजिस्ट्रार बुडाला तरी तुमचं डोमेन बुडत नाही, ते दुसऱ्याच्या हवाली केलं जातं.

तिसरी गोष्ट खुद्द स्पॅमहॉसची. ई-थ्री-सिक्स्टी नावाच्या अमेरिकन मार्केटिंग कंपनीने “आम्हाला स्पॅमर ठरवलं” म्हणून तिच्यावर खटला भरला. स्पॅमहॉसने बाजू मांडणं मध्येच सोडून दिलं. २००६ साली कोर्टाने १ कोटी १७ लाख डॉलरची भरपाई लावली. पैसे मिळेनात म्हणून त्या कंपनीने स्पॅमहॉसचं डोमेनच बंद करण्याचा आदेश मागितला. कोर्टाने तो दिला नाही, कारण त्या वेबसाईटवरची बाकी सगळी कायदेशीर कामंही त्यामुळे बंद पडली असती. अपील होत होत २०११ साली भरपाई उरली फक्त ३ डॉलर. डोमेन बंद करणं हे किती जड हत्यार आहे, हे यातून कळतं.

आमच्याकडे काय झालं

३ जूनला संध्याकाळी मला क्लायंट होल्ड दिसला. ४ तारखेला मी रजिस्ट्रारला तीन मेल टाकले, तिन्ही रागातले. उत्तर आलं, “खातेदाराशीच बोलू.” खातेदार मामा नव्हता. ज्याने २०१९ मध्ये सोलापुरात वेबसाईट बनवून दिली, त्याने डोमेन स्वतःच्या खात्यावर, स्वतःच्या ईमेलने घेतलं होतं. त्यात फसवण्याचा हेतू नव्हता, सगळ्यांचीच डोमेन तो तसं घ्यायचा. मामा त्याला दरवर्षी पैसे पाठवायचा आणि त्याला वाटायचं डोमेन आपलं आहे. आता तो मुलगा दुकान बंद करून निघून गेला होता आणि त्याचा नंबर लागत नव्हता.

५ तारखेला हैदराबादच्या एका गिऱ्हाईकाचा फोन आला. “वेबसाईट बंद करून पळालात का?” त्याने तीन बोकडांचे १५ हजार परत मागितले. मामाने मुकाट्याने परत केले. त्या रात्री मामा म्हणाला, “शेळी मेली तर कळतं रे. हे मेलंय का जिवंत आहे, हेच कळंना.”

७ तारखेला तो मुलगा सापडला. पुण्यातच नोकरी करत होता, माझ्या ऑफिसपासून चार किलोमीटरवर. त्याने जुना ईमेल उघडला तर २७ आणि ३० मे अशा दोन दिवशी रजिस्ट्रारच्या नोटिसा येऊन पडलेल्या. सोबत स्पॅमचा नमुना, पूर्ण हेडरसकट. मी हेडर वाचलं आणि गार पडलो. मेल आमच्याच सर्व्हरवरून गेला होता.

कॉन्टॅक्ट फॉर्मला एक सोय होती. कुणी चौकशी पाठवली की त्याच्या ईमेलवर आपोआप ‘धन्यवाद, अमुक अमुक जी’ असा मेल जायचा. कुणीतरी एक प्रोग्राम लावला होता. तो ईमेलच्या रकान्यात तिसऱ्याच माणसाचा पत्ता टाकायचा आणि नावाच्या रकान्यात जुगाराच्या साईटची लिंक. मग आमची वेबसाईट त्या माणसाला अगदी अदबीने ‘धन्यवाद’ म्हणत ती लिंक पाठवायची. दिवसाला शेकड्यांनी. फॉर्म मीच बसवला होता, दोन वर्षांपूर्वी, सुट्टीत गावी गेलो तेव्हा. वर कॅप्चा लावायचा कंटाळा केला होता.

म्हणजे चार दिवस मी ‘खोटी तक्रार’ असं लिहीत होतो आणि तक्रार खरी होती. मामा निर्दोष होता, पण त्याची वेबसाईट नव्हती.

९ तारखेला रविवारी आम्ही सगळं साफ केलं. १० ला त्या मुलाच्या खात्यावरून नीट अहवाल पाठवला. १२ जूनला सकाळी होल्ड निघाला. ईदला पाच दिवस उरले होते. बाकीची १९ बुकिंग टिकली, कारण मामाने स्वतः एकेकाला व्हिडिओ कॉल करून बोकड दाखवले होते.

तुमच्यावर ही वेळ आली तर: क्रमाने काय करायचं

१. स्टेटस बघा आणि स्क्रीनशॉट घ्या. तारीख, वेळ दिसू द्या.

२. रजिस्ट्रारच्या खात्यातला ईमेल तपासा, स्पॅम फोल्डरसकट. नोटीस बहुतेक आलेली असते.

३. पुरावा मागा. तक्रारदाराचं नाव कदाचित देणार नाहीत, पण हे मागायचंच: स्पॅमचा नमुना पूर्ण हेडरसह, त्याची तारीख-वेळ, त्यातली लिंक आणि तुमच्या करारातलं कोणतं कलम लावलं ते.

४. आधी स्वतःचं घर तपासा. सर्व्हरचा मेल लॉग बघा. अनोळखी फाईल, अनोळखी युजर शोधा. गुगल सर्च कन्सोलमध्ये ‘सिक्युरिटी इश्यूज’ बघा. हे केल्याशिवाय ‘तक्रार खोटी आहे’ असं लिहू नका.

५. चूक सापडली तर दुरुस्त करा आणि लिहून कळवा. मेल छोटा ठेवा. काय झालं, कधी थांबवलं, काय बदललं आणि होल्ड काढण्याची विनंती, एवढंच. राग, धमकी, मोठ्या अक्षरांत लिखाण, काही नको. समोरचा माणूस दिवसभर शेकडो तक्रारी वाचतो. ज्या मेलमध्ये काम झालेलं दिसतं तो आधी निकाली निघतो.

६. चूक तुमची नसेल तर तसं दाखवा. मेल दुसऱ्याच सर्व्हरवरून गेल्याचं हेडरमध्ये दिसतं. तुमच्या डोमेनला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क लावलेलं असेल तर तो मेल त्या तपासण्यांत नापास झालेला असतो. यापेक्षा चांगला पुरावा नाही.

७. गिऱ्हाइकांना लगेच सांगा. व्हॉट्सॲप, फेसबुक, जे असेल तिथे. गप्प राहिलात तर लोक फसवणूक समजतात.

रजिस्ट्रार ऐकतच नसेल तर?

डॉट कॉम, डॉट ऑर्ग असेल तर आयकॅनकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट. पण आधी रजिस्ट्रारला लिहिलेलं असावं लागतं. आयकॅन बघते ते एवढंच की रजिस्ट्रारने करार पाळला का. ‘माझी वेबसाईट सुरू करून द्या’ असा आदेश ती देत नाही. डॉट इन किंवा डॉट भारतच्या तक्रारी आयकॅन घेत नाही, त्यासाठी निक्सीकडे जायचं.

दुसरीकडे हलवणं हाही पर्याय आहे. ट्रान्सफरसाठी लागणारा कोड मागितल्यापासून पाच दिवसांत रजिस्ट्रारने द्यायचा असतो आणि आयकॅनच्या धोरणात दिलेल्या कारणांशिवाय तो ट्रान्सफर अडवू शकत नाही. पण फसवणुकीचा पुरावा हे त्यातलं एक कारण आहे. शिवाय डोमेन नवीन असेल तर पहिले ६० दिवस हलवता येत नाही. आणि हलवलं तरी स्पॅमचं मूळ तसंच असेल तर नवा रजिस्ट्रारही तेच करेल.

भारतातल्या नियमांचाही आधार घ्या. २०२१ साली आलेल्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार मध्यस्थ कंपन्यांना तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्या नियमांत तक्रारीची पोच २४ तासांत आणि निकाल १५ दिवसांत, अशी मुदत घातली होती. कंपनीच्या साईटवर ‘ग्रिव्हन्स ऑफिसर’ शोधा.

ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. म्हणजे कंपनी कुठलीही असो, तुम्ही धाराशिवमध्ये दाद मागू शकता. मात्र निव्वळ व्यापारासाठी घेतलेली सेवा यात बसत नाही. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतली असेल तर बसते, आणि ते तुम्हाला दाखवावं लागतं. परदेशी कंपनी असेल तर हा रस्ता लांबचा आहे, हे धरून चाला.

आजच करून ठेवा

डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घ्या. वेबसाईट दुसऱ्याने बनवली तरी रजिस्ट्रारचं खातं तुमचं हवं. आधीच दुसऱ्याच्या खात्यावर असेल तर संबंध गोड आहेत तोवर बदलून घ्या.

संपर्काचा ईमेल त्याच डोमेनवरचा ठेवू नका. जीमेल किंवा दुसरा कुठलाही ठेवा आणि तो आठवड्यातून एकदा उघडा.

फॉर्मला कॅप्चा लावा, आपोआप जाणारं उत्तर बंद करा. प्लगइन अपडेट ठेवा, नको असलेले काढून टाका. खात्याला दोन टप्प्यांचं लॉगिन लावा.

एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क लावून घ्या. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर दिवसाला ५ हजारांहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचं आहे, आणि स्पॅमच्या तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्याच्या खाली ठेवावं लागतं. तुम्ही दिवसाला दहाच मेल पाठवत असलात तरी लावा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

डोमेन होल्डवर असताना मुदत संपली तर? घड्याळ थांबत नाही. होल्ड असला तरी नूतनीकरण वेळेत करा, नाहीतर नाव कायमचं जाईल.

होल्डच्या दिवसांचे पैसे परत मिळतात का? सहसा नाही. बहुतेक करारांत तसं लिहिलेलंच असतं.

वेबसाईटवरचा मजकूर, फोटो जातात का? नाही. ते होस्टिंगवर असतात. होल्ड फक्त नावावर असतो. तरीही बॅकअप घ्या.

जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं. डोमेनमधलं नाव बदलून मिळेल का? नाही. डोमेनचं स्पेलिंग बदलता येत नाही. नवीन घ्यावं लागतं आणि जुन्यावरून नव्याकडे लोकांना वळवावं लागतं. जुनं लगेच सोडू नका, ते कुणी घेऊन त्यावरून स्पॅम सुरू केलं तर बदनामी तुमची. मामाने नाव बदललं नाही. जिल्हा धाराशिव झाला तरी शेळीची जात उस्मानाबादीच आहे.

आता डोमेन मामाच्या नावावर आहे. रजिस्ट्रारच्या खात्याचा पासवर्ड त्याने गोठ्याच्या हिशोबाच्या वहीत, शेवटच्या पानावर लिहून ठेवलाय. सिक्युरिटीवाल्यांना हे आवडणार नाही, मला माहीत आहे. पण गेल्या वेळी पासवर्ड कुणाकडेच नव्हता.